वरातीतला सॅक्सोफोन स्काच्या बँडमध्ये नेताना

मराठवाड्यात सॅक्सोफोन हाती येतो तो बहुधा लग्नाच्या बँड पार्टीतून. लातूर, नांदेड, परभणी, जालना, बीड अशा गावांत बँडवाल्यांची दुकाने असतात, लाल-सोनेरी गणवेश खुंटीला टांगलेले असतात, आणि क्लॅरोनेट वाजवणारा एखादा मुलगा चार हंगाम काढल्यावर बँडमास्तरच्या परवानगीने आल्टो सॅक्सोफोन गळ्यात अडकवतो. पुढची वीस-पंचवीस वर्षे तो त्याच पार्टीत राहतो, कारण हे वाद्य आपल्याला आणखी कुठे नेऊ शकते हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. हा लेख प्रामुख्याने त्या वादकासाठी लिहिला आहे. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पाश्चिमात्य वाद्यवादनाला उतरून पुढे काय करावे, या प्रश्नापाशी अडलेल्या विद्यार्थ्यालाही त्यातला बराचसा भाग उपयोगी पडेल.

बँड पार्टीतून दुसऱ्या संगीताच्या बँडमध्ये कसे जावे हे सांगताना उदाहरणासाठी मी स्का हा संगीतप्रकार निवडला आहे, आणि त्याला कारण आहे. स्का जमैकामध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आला. तिथले मेंटो हे लोकसंगीत, शेजारच्या बेटांवरचे कॅलिप्सो आणि अमेरिकेतून रेडिओवर ऐकू येणारे जॅझ व ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिश्रणातून तो घडला, आणि ६ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला त्या काळात तो त्या देशाचा स्वतःचा आवाज ठरला. त्यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांना गायकाइतकाच मान असतो. हे वाजवणाऱ्यांपैकी अनेकांनी शिक्षण घेतले ते किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये. गरीब आणि अनाथ मुलांसाठी कॅथलिक जोगिणींनी चालवलेल्या या शाळेत मुलांचा फुंकवाद्यांचा बँड होता. म्हणजे तिथेही सुरुवात बँडपासूनच झाली.

त्या शाळेतून निघालेल्या टॉमी मॅकूक या टेनर (आल्टोपेक्षा मोठ्या, खालच्या सुराच्या) सॅक्सोफोनवादकाची वाटचाल मला फार शिकवून गेली. त्याचा जन्म १९२७ चा, हवाना शहरातला. अल्फामध्ये तयार होऊन तो किंग्स्टनच्या एरिक डीन्स यांच्या नाचाच्या ऑर्केस्ट्रात गेला, नंतर काही वर्षे बहामातील नासाऊ येथे जॅझ वाजवत राहिला, १९६२ मध्ये जमैकाला परतला आणि १९६४ मध्ये स्काटालाइट्स या बँडचा म्होरक्या झाला. तो बँड पहिल्या खेपेस जेमतेम वर्षभर टिकला. त्यानंतर मॅकूकने ड्यूक रीड यांच्या ट्रेझर आइल स्टुडिओत सुपरसॉनिक्स हा बँड चालवला, जिथे स्काची गती मंदावून रॉकस्टेडी झाले, आणि १९७० च्या दशकात तो रेगेच्या ध्वनिमुद्रणांत वाजवत होता. नाचाचा ऑर्केस्ट्रा, जॅझ, स्का, रॉकस्टेडी, रेगे असे पाच ठिकाणी काम झाले, तरी त्याचा फुंकेचा आवाज मात्र तोच राहिला. ठिकाण बदलल्यावर बदलली ती त्या संगीतातली त्याची जागा: कुठे वाजवायचे, किती वाजवायचे आणि कुठे गप्प राहायचे. बँड बदलताना शिकायचे असते ते हेच, आणि पुढचे सारे विवेचन याच एका गोष्टीभोवती आहे.

प्रथम आपल्याजवळ काय आहे ते नीट ओळखावे. सॅक्सोफोन हे वाद्य मुळात मोकळ्या मैदानावरच्या बँडलाही उपयोगी पडावे म्हणून घडवलेले आहे. अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले आणि फ्रान्सच्या लष्करी बँडांनी ते उचलले. वरातीत दोन-दोन तास उभ्याने, ताशांच्या कडकडाटात, जनरेटरच्या धुरात वाजवणाऱ्या माणसाकडे दमसास असतो, मोठा आवाज असतो आणि गाण्याची चाल एकदा ऐकून बोटांत उतरवण्याची सवय असते. संगीत विद्यालयात शिकलेल्या मुलाला यातली एकेक गोष्ट मिळवायला वर्ष-वर्ष लागते. स्काच्या बँडमध्ये विजेची गिटार आणि ड्रमसेट यांच्यावर आवाज चढवावा लागतो, तेव्हा ही शिदोरी कामी येते. म्हणून आपण बँडवाले आहोत याचा संकोच वाटू देऊ नये.

उणीव असते ती दुसरीकडे. क्लॅरोनेटवरून सॅक्सोफोनवर आलेल्या वादकाची ओठांची पकड बहुधा आवळलेली राहते. क्लॅरोनेटची नळी सरळ असते, त्यामुळे वरची कळ दाबली की सा थेट वरच्या सप्तकातल्या प वर उडी घेतो. सॅक्सोफोनची नळी निमुळतीतून रुंद होत जाते, म्हणून त्याची ऑक्टेव्ह की दाबल्यावर तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. बोटे याला लवकर सरावतात, पण ओठ सरावत नाहीत, आणि आवळलेल्या ओठांनी सॅक्सोफोन वाजवला की वरचे सूर चढतात आणि खर्ज फुटतो. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा आहे. मोबाइलवर तानपुरा लावून रोज वीस मिनिटे एकेक सूर हळू सुरू करून, फुगवून, पुन्हा हळू करत सोडावा. खालच्या सा पासून सुरुवात करावी आणि खालचा ओठ उशीसारखा मऊ ठेवावा. महिनाभराने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून पहिल्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहावे.

आल्टो घ्यावा की टेनर, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आपल्याकडे आल्टो सहज मिळतो, दुरुस्त करणाऱ्यालाही तो माहीत असतो, आणि स्काटालाइट्सचा लेस्टर स्टर्लिंग आल्टोच वाजवत असे, म्हणून पहिली दोन-तीन वर्षे आल्टोवरच राहावे असे माझे मत आहे. जुने वाद्य विकत घेताना मात्र दुकानाच्या उजेडात पाहून निर्णय घेऊ नये. खोली अंधारी करून, दिवाळीला लावतो तशी बारीक दिव्यांची एक माळ वाद्याच्या नळीत सोडावी आणि एकेक कळ अगदी हलक्या बोटाने दाबावी. पॅड, म्हणजे कळीखालची चामड्याची गादी, नीट बसत असेल तर काळोख राहतो. नसेल तर कडेने उजेडाची बारीक चंद्रकोर दिसते. मी घेतलेल्या पहिल्या वाद्यावर अशा सात चंद्रकोरी निघाल्या होत्या. खालचे सूर लागत नाहीत म्हणून मी दोन वर्षे स्वतःच्या फुंकेला दोष देत होतो, आणि तेवढा वेळ जोर लावून फुंकण्याची जी वाईट सवय लागली ती मोडायला आणखी दोन वर्षे गेली. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. ती कुणीही टाळू नये.

मराठवाड्याचा उन्हाळा या वाद्याचा वैरी आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी होते, पॅडचे चामडे कडक होते, नेकवरचा, म्हणजे वाद्याच्या वरच्या वाकड्या नळीवरचा, कॉर्क आकसतो आणि तोंडात धरायचा माउथपीस सैल बसू लागतो. उभ्या टेम्पोत दुपारभर वाद्य ठेवले तर पॅड चिकटवलेली लाख मऊ होऊन पॅड जागेवरून सरकतात. वाद्य सावलीत ठेवावे, पेटीवर पांढरे सुती कापड टाकावे, वाजवून झाल्यावर आतला ओलावा कापडाने टिपून घ्यावा आणि चिकटणाऱ्या कळीखाली पातळ कागद दाबून काढावा. रीड, म्हणजे माउथपीसवर बसवलेली पातळ पट्टी, बोरूच्या जातीच्या वनस्पतीची असते, त्यामुळे कोरड्या हवेत तिची धार नागमोडी होते. वाजवण्यापूर्वी ती दोन मिनिटे पाण्यात ठेवावी आणि एकच रीड झिजेपर्यंत वापरण्याऐवजी तीन रीड आळीपाळीने वापराव्यात. गरम हवेत सूर चढतो, म्हणून माउथपीस किंचित बाहेर ओढावा; पौष-माघातल्या रात्रीच्या वरातीत तो आत ढकलावा लागतो. स्काच्या बँडमध्ये शेजारी ट्रॉम्बोन आणि ट्रम्पेट एकाच सुरावर उभे असतात, त्यामुळे हा केसाएवढा फरकही लगेच कानाला खुपतो.

आता लयीकडे वळू. स्का शिकताना आपल्या वादकाची खरी परीक्षा इथेच होते. केरव्याच्या आठ मात्रा घ्या: धा गे ना ती, न क धि ना. आपला पाय, आपली टाळी आणि वरातीतला ढोल पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर पडतो. स्कामध्ये गिटार आणि पियानो नेमके उरलेल्या चार मात्रांवर, म्हणजे गे, ती, क आणि ना यांवर, आखूड तोडलेला आघात करतात. पाय जिथे उचललेला असतो तिथे आवाज येतो, म्हणून ऐकणाऱ्याला उडी मारावीशी वाटते. हे समजायला एक मिनिट पुरते, पण अंगात मुरायला काही महिने लागतात, कारण आपले शरीर जोर समेवर द्यायला घडलेले असते आणि जरा दुर्लक्ष झाले की सूर घसरून समेवर येऊन बसतो.

सरावाची पद्धत अशी ठेवावी. मोबाइलवरचा ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला साठवर लावावा आणि त्याचा प्रत्येक ठोका म्हणजे पायाची विषम मात्रा असे धरावे. पहिला आठवडा वाद्याला हात लावू नये. पाय ठोक्यावर ठेवून मधल्या मात्रांवर तोंडाने ‘दत्’ म्हणावे. यातला द म्हणजे जिभेने रीडवर केलेली सुरुवात आणि शेवटचा पायमोडका त् म्हणजे जिभेनेच सूर थांबवणे. फुंक बंद करून सूर थांबवला तर त्याला शेपूट राहते. जीभ रीडला टेकवून थांबवला तर तो कापल्यासारखा थांबतो. दुसऱ्या आठवड्यापासून एकच सूर, मधला ग, याच पद्धतीने वाजवावा. नंतर मधल्या चार मात्रांपैकी दोनांवरच आघात, नंतर फक्त सहाव्या मात्रेवर एक, असे करत जावे. गती दर आठवड्याला पाचने वाढवून एकशे वीसपर्यंत न्यावी. गावात हलगी वाजवणारा कुणी जाणकार असेल तर त्याच्या शेजारी बसून हा सराव करावा, असे मी आग्रहाने सांगेन. हलगीचा ठेका बदलत असताना आपला मधल्या मात्रेवरचा सूर ढळू न देणे यासारखा कस लावणारा सराव मला दुसरा सापडलेला नाही, आणि मेट्रोनोमपेक्षा त्यात आनंदही पुष्कळ आहे.

यानंतर येते गप्प राहणे. पुण्यात एका स्का वाजवणाऱ्या बँडच्या सरावाला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा खोलीत एक गिटार, एक बास, ड्रमसेट, एक ट्रॉम्बोन आणि मी, एवढेच होतो. गाणे सुरू झाले आणि मी वरातीच्या सवयीने वाजवू लागलो. वरातीत आवाज थांबला की नाचणारी पोरे थांबतात, म्हणून आपण प्रत्येक फट भरत जातो. गायकाची ओळ संपली की एक हरकत, तिच्यामागे दुसरी, पुन्हा मुखडा. दुसरे कडवे चालू असताना ट्रॉम्बोनवाल्याने वाजवणे थांबवून माझ्या वाद्याच्या तोंडावर हळूच तळहात ठेवला. त्याने कागदावर आठ मात्रांचे घर आखले, त्यातल्या सहाव्या आणि आठव्या मात्रेवर दोन टिंबे दिली आणि म्हणाला, “कडव्यात एवढंच. बाकीची जागा गाणाऱ्याची.” अर्धा तास मी ती दोन टिंबे वाजवली. पंधराव्या मिनिटाला राग आला होता. पंचविसाव्या मिनिटाला प्रथमच मला बासगिटार काय वाजवते आहे ते ऐकू आले. तो कागद अजून माझ्या पेटीच्या झाकणात आहे.

म्हणून नव्या बँडमध्ये जाण्यापूर्वी त्या प्रकारची दहा-बारा ध्वनिमुद्रणे घेऊन सॅक्सोफोनवादक कुठे वाजवत नाही याची वहीत नोंद करावी. स्काच्या वाद्यसंगीतात सुरुवातीला सारी फुंकवाद्ये मिळून चाल मांडतात, मग एकेकजण आपली वेळ आल्यावर स्वतंत्र वाजवतो आणि मागचे लोक आखूड आघात देत राहतात. गाणे असेल तर फुंकवाद्ये कडव्याच्या शेवटी छोटे उत्तर देतात. एकत्र वाजवताना सूर सुरू करणे सोपे असते, थांबवणे अवघड असते. तिघांनी मिळून श्वासाच्या आणि थांबण्याच्या खुणा कागदावर करून घ्याव्यात. त्यासाठी पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येणे आवश्यक आहे आणि ती शिकायला सहा महिने पुरतात. जवळपास शिकवणारा नसेल तर चर्चमध्ये किंवा पोलीस बँडमध्ये वाजवणाऱ्या जुन्या वादकाला विचारावे.

पट्टीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाठ करून टाकावा. आल्टोवर सी वाजवला की हार्मोनियमवर काळी दोन ऐकू येते आणि टेनरवर वाजवला की काळी पाच. त्यामुळे गायिका काळी पाचमध्ये गात असेल तर आल्टोला जी आणि टेनरला सी अशा सोप्या पट्ट्या मिळतात. काळी चार असेल तर आल्टोला एफ पडते. ऑर्केस्ट्रात आणि भीमगीतांच्या कार्यक्रमांत गायिकांना साथ करताना म्हणूनच फार त्रास होत नाही. गिटारवाल्यांच्या बँडमध्ये चित्र उलटे असते. त्यांना मोकळ्या तारांमुळे पांढरी तीन आवडते, आणि तिथे आल्टोवाल्याला सी शार्प, टेनरवाल्याला एफ शार्प वाजवावे लागते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक सूर काळ्या कळांचा. त्या दोन पट्ट्या आधीपासून घोटून ठेवाव्यात. सरावाच्या दिवशी पट्टी बदलण्याची विनंती करणाऱ्या नवख्याला दुसऱ्यांदा बोलावणे येईलच असे नाही.

स्का पचला की शेजारचे प्रकार फारसे दूर राहत नाहीत. रॉकस्टेडीत आणि रेगेत तीच मधली मात्रा टिकते, पण गती उतरते, बास पुढे येतो आणि फुंकवाद्यांचे सूर लांबतात. १९७९ च्या सुमारास इंग्लंडमधील कोव्हेंट्री शहरातून टू टोन नावाने जी लाट उठली, तिने स्कामध्ये पंकचा वेग आणि कृष्णवर्णीय-गौरवर्णीय तरुणांनी एकत्र वाजवण्याचा आग्रह आणला. त्या काळातला बर्मिंगहॅमचा द बीट हा बँड मला विशेष प्रिय आहे, कारण त्यातला सॅक्सोफोनवादक सॅक्सा मूळचा जमैकाचा, १९३० साली जन्मलेला. विशीतल्या पोरांच्या या बँडमध्ये तो आला तेव्हा पन्नाशीला टेकला होता. चाळिशी उलटलेले बँडवाले जेव्हा आता वय झाले म्हणतात, तेव्हा मी त्यांना सॅक्साचे वादन ऐकवतो. भारतातही दिल्लीत द स्का वेंजर्स हा बँड उभा राहिला आहे.

जॅझकडे जायचे असेल तर आपल्या चाली जशाच्या तशा वाजवण्याच्या सवयीला मुरड घालून सुरावटीखालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, ऐकायला शिकावे लागते, आणि त्याला वर्षे लागतात. रागसंगीताकडे जायचे असेल तर मींड हा मोठा डोंगर आहे, कारण कळांच्या वाद्यावर दोन सुरांमधली जागा ओठाने आणि अर्ध्या उघडलेल्या कळीने भरावी लागते. कद्री गोपालनाथ यांनी हे कर्नाटक संगीतात साधले, २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली; नागस्वरमवादकाच्या घरातल्या या मुलाने सॅक्सोफोन प्रथम ऐकला तो म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये. हिंदी चित्रपटसंगीतातले मनोहारी सिंग हेही कोलकात्याजवळच्या बाटानगरातील बाटा कंपनीच्या ब्रास बँडमधून पुढे आले, कोलकात्याच्या हॉटेलांत वाजवत राहिले आणि १९५८ मध्ये मुंबईत आले. किंग्स्टन असो, म्हैसूर असो की बाटानगर, वाट बँडमधूनच निघालेली दिसते.

मात्र हे सारे पोट भरत भरत करायचे आहे. म्हणून बँड पार्टी एकदम सोडू नये. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि आषाढापर्यंत चालते; एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका असतात. चातुर्मासात गणपती-नवरात्र सोडले तर हात रिकामे असतात. नव्या बँडचा सराव, ध्वनिमुद्रण, स्वरलिपीचे शिक्षण यांसाठी हेच महिने राखून ठेवावेत आणि पुण्या-मुंबईच्या बँडला आपल्या तारखा आधीच सांगाव्यात. लग्नाची सुपारी आणि बँडचा कार्यक्रम एकाच दिवशी आला तर ज्याला आधी शब्द दिला तिथे जावे. पैशाकडे पाहून शब्द फिरवणाऱ्याचे नाव दोन्हीकडे खराब होते.

पैशाचे बोलणे लेखी असावे. लग्नाच्या कामात आपण इसार घेतल्याशिवाय तारीख धरत नाही, पण स्टुडिओ म्हटले की भारावून जाऊन काहीच ठरवत नाही. माझ्या पहिल्या ध्वनिमुद्रणाचे मानधन मला मिळाले नाही आणि वादकांच्या नावांतही माझे नाव आले नाही. ज्याने बोलावले होते त्याने नंतर फोन उचलणे बंद केले, आणि दाखवायला माझ्याकडे एका ओळीचा मजकूरही नव्हता. रक्कम, तारीख, किती गाणी आणि नाव कसे छापले जाईल, एवढे तरी मोबाइलवरील संदेशात लिहून समोरच्याचे ‘होय’ घ्यावे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी वादकाला कलावंत म्हणून त्याच्या सादरीकरणावर पन्नास वर्षांचा हक्क दिला आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो अधिक बळकट केला आहे. सही करण्यापूर्वी आपण नेमके काय देऊन टाकत आहोत ते वाचून घ्यावे.

पहिल्या सरावाला निघताना नांदेड, परभणी, जालन्याकडून तपोवन एक्सप्रेस दिवसा मुंबईला जाते, लातूरहून रात्रीची गाडी आहे. पेटी सीटखाली सरकवू नये, मांडीशी ठेवावी. नेक आणि माउथपीस वेगळ्या कापडात गुंडाळावेत. तीन रीड, एक पेन्सिल, एक वही आणि दिव्यांची माळ बरोबर असू द्यावी. तिथे पोहोचल्यावर वाद्य लगेच बाहेर काढू नये. पहिले गाणे नुसते बसून ऐकावे, पाय विषम मात्रेवर ठेवावा आणि वहीत आठ घरे आखून आपली टिंबे कुठे पडतील ते पेन्सिलीने मांडून पाहावे.